गेल्या सात दिवसांतला त्रास

पालेगावच्या एका फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसून राजसीने कपाळ चोळलं. त्वचेच्या आजाराने माणसाचं जगणं किती अडतं, हे मोजणारी प्रश्नावली कुठल्यातरी थंड देशात तयार झाली होती. ती आपल्याकडे लागू पडते का, हे तपासायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. दहाच्या वर गुण आले तरच नवं मलम फुकट. समोरच्या अंजनीकाकूंचे तळहात भांड्यांच्या साबणाने फुटले होते. मूठ मिटतानाही त्या कळवळत. मलम त्यांना हवंच होतं, पण गुण शून्याच्या वर सरकायला तयार नव्हते.

“गेल्या सात दिवसांत त्वचेमुळे घरकाम अडलं?”

“छे. अडून कसं चालेल?”

“बागकाम?”

“तुळशीला पाणी घालते की रोज.”

“पोहणं, खेळ?”

काकूंनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

त्यांचे यजमान हिरामणकाका पेपरमागून बोलले, “मॅडम, त्रास मला झालाय, तो लिहा. हिच्या हातांमुळे माझ्या डोक्याला किती दिवस तेल नाही.”

“काका, पेशंट काकू आहेत.”

“पण टेन्शन मलाच ना.”

सकाळपासून घरोघरच्या बायकांनी ‘अडून कसं चालेल’ हेच ऐकवलं होतं. राजसी वैतागून म्हणाली, “काकू, काम थांबलं तरच यात गुण मिळतात हो.” असं सुचवायचं नसतं, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं.

काकूंनी एकदा आपल्या तळहातांकडे आणि एकदा काकांच्या पेपरकडे बघितलं. “फक्त सात दिवसांचंच धरता ना? मग पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात दार काकांनी उघडलं. बनियन ओलं, कोपरापर्यंत फेस. काकू सोफ्यावर टीव्ही बघत होत्या.

“घरकाम अडलं?”

“फार.”

“खरेदी?”

“फार. यांनी आणलेली भेंडी बघायचीय का?”

गुण दहाच्या पुढे गेले आणि राजसीला हायसं वाटलं. शेवटी नियमाप्रमाणे तिने हात तपासले. आठवडाभर साबण न लागल्याने भेगा चक्क भरून आल्या होत्या. मलम देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने हताशपणे पेन बंद केलं.

“मग माझे बघा,” म्हणत काकांनी हात पुढे केले. ते लालबुंद होते, बोटांची सालं निघत होती. नियमात हेही बसत होतं. राजसीने निमूटपणे नवा कागद काढला.

“घरकाम...”

“फार.”

“बागकाम...”

“फार.”

“पोहणं?”

“फार.”

“काका, तुम्हाला पोहता येतं?”

“आता कसं येणार?”

राजसीच्या अख्ख्या अभ्यासात इतके गुण कुणाला पडले नव्हते. तिने पिशवीतून मलमाची ट्यूब काढली. “दिवसातून दोनदा लावा. लावल्यावर हात पाण्यात घालायचे नाहीत.”

काकांचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला. “ऐकलंस ना, मॅडम काय म्हणतायत?”

“ऐकलं,” म्हणत काकूंनी ट्यूब उचलून आपल्या कपाटात ठेवली. “मी स्वतः लावून देईन तुम्हाला. भांडी झाली की.”