पिकलेला वकील

"छर्रे सगळे काढलेस ना?" ओदेतनं स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा विचारलं.

"काढले म्हटलं ना!" जिल्बेर ताव्हर्नो ओरडला आणि टेबलावरचे काटे पुन्हा एकदा सरळ करू लागला. खरं तर त्याला खात्री नव्हती. रानकोंबडा त्यानंच मारला होता, गुरुवारी, तळ्यापलीकडच्या रानात. चिमट्यानं त्यानं मांसातले सात छर्रे उपसले होते. आठवा असावा अशी शंकाही त्याला आली होती. पण तेवढ्यात त्याला पाहुण्याची आठवण झाली आणि त्यानं चिमटा खाली ठेवला.

पाहुणा म्हणजे त्याच्या मुलीचा, देल्फिनचा, होणारा सासरा. आणि तो अमेरिकन होता.

साल दोन हजार तीन. इराकच्या लढाईत फ्रान्स उतरला नाही म्हणून अमेरिकेत लोक फ्रेंच वाइन गटारात ओतत होते. टीव्हीवर ते दृश्य लागलं तेव्हा जिल्बेरनं चष्मा चढवून बाटल्यांवरची नावं वाचली होती आणि त्या रात्री तो जेवला नव्हता. अडतीस वर्षं फ्रान्सच्या सोलोन्य भागातल्या या गावात पोस्टमास्तर म्हणून काढलेला माणूस; अमेरिकन त्यानं फक्त पाकिटावरच्या तिकिटांतून पाहिलेले. बाकीची माहिती गावच्या न्हाव्याकडून मिळालेली. "सांभाळून हं, जिल्बेर," न्हावी कानामागे वस्तरा फिरवत म्हणाला होता, "ते लोक पायरीवरून पाय घसरला की दावा ठोकतात. कॉफी गरम निघाली तरी दावा. तुझं घर कोणाच्या नावावर आहे?"

घर जिल्बेरच्याच नावावर होतं. पण त्याला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. त्यानं नकाशात पाहुण्यांचं राज्य, नेब्रास्का, शोधून काढलं होतं. कुठल्याही बाजूनं समुद्रापर्यंत बोट टेकवत न्यायचं म्हटलं तर बोट दुखायचं. एकुलती एक पोर तिथे जाणार की काय, हे विचारायचं त्याचं धाडस होत नव्हतं.

बारा वाजता गाडी आली. देल्फिन उतरली, तिचा कर्ट उतरला आणि मागच्या सीटवरून हळूहळू, जणू घडी उलगडावी तसा, वेन होल्मग्रेन बाहेर आला. सहा फूट चार इंच उंची, नवा टाय आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा चेहरा.

जिल्बेरनं ऐकलं होतं की अमेरिकन मोठमोठ्यानं बोलतात, खांद्यावर थापा मारतात, वाइनमध्ये बर्फ मागतात. त्या सगळ्याला त्यानं मनाची तयारी केली होती. हा मात्र एक शब्द बोलेना. हात हळूच मिळवला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"हा रागावलाय," जिल्बेर स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजला.

"आत्ता तर आलाय. रागवायला वेळ कुठे मिळाला?" ओदेत म्हणाली.

"त्यांचं सगळं झटपट असतं."

वेन बिचारा रागावला नव्हता, घाबरला होता. गावाकडे ट्रॅक्टर विकणारा हा विधुर माणूस जन्मात पहिल्यांदा समुद्र ओलांडून आला होता. निघताना बहिणीनं बजावलं होतं, "फ्रेंच लोक आधी तुझे बूट बघतील, मग ताटात काय टाकलंस ते मोजतील, आणि मग तोंड वाकडं करतील. ते कायमचं तसंच राहतं." आणि आज गाडीत कर्टनं उरलेलं पूर्ण केलं होतं: "डॅड, मोठ्यानं बोलू नका. बर्फ मागू नका. मांस कच्चं आहे म्हणू नका. जे वाढतील ते गपचूप खा. प्लीज! माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

रानकोंबडा आला. कोबीवर रचलेला, चरबीत चकाकणारा. ओदेतनं वेनच्या ताटात मांडीचा भाग वाढला आणि तेवढ्यात तिनं कपाळावर हात मारला.

"अगं देल्फिन, टार्ट! मिठाईवाल्याकडे सांगून ठेवलाय. एकला बंद करतो तो मेला."

"दहा मिनिटांत येतो," देल्फिन म्हणाली आणि कर्टला घेऊन गेली. त्या दोघांबरोबर घरातली सगळी इंग्रजीही गेली. मागे राहिला वेन आणि त्यानं कॅसेटवरून पाठ केलेली चाळीसेक फ्रेंच वाक्यं.

दुसऱ्या घासाला 'कट्' असा आवाज झाला.

लहानसाच आवाज, पण जिल्बेरला तो बंदुकीच्या बारासारखा ऐकू गेला. वेनचा जबडा थांबला. डोळ्यांत पाणी तरारलं. त्यानं रुमाल तोंडाशी नेला, त्यात काहीतरी टाकलं, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली.

आठवा, जिल्बेरच्या मनात आलं. तो आठवा होता.

"छान," वेन फ्रेंचमध्ये म्हणाला. "फार छान." आणि तो हसला. हसताना डावीकडे एक काळी फट दिसली; मघाशी तिथे दात होता.

जिल्बेरच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. दात गेला, माणूस हसतोय आणि तुकडा खिशात ठेवतोय. पुरावा! न्हावी म्हणाला होता तेच.

इकडे वेनच्या डोक्यात ठणके बसत होते. ताटात अख्खी मांडी पडलेली, आणि टाकलं तर बाईसाहेब मोजणार. टेबलाखाली काहीतरी उबदार त्याच्या गुडघ्याला लागलं. पातू, जिल्बेरचा म्हातारा शिकारी कुत्रा. जिल्बेरनं छताकडे बघून सुस्कारा सोडला तेवढ्यात वेननं मांडी खाली सरकवली. मग कोबी. मग रस्सा लावलेला पावाचा तुकडा. पातूनं आवाज न करता सगळं संपवलं आणि तो एका कुशीवर धाडकन कोसळला.

वेननं बुटानं हळूच ढोसलं. कुत्रा हलला नाही. पुन्हा ढोसलं. नाही.

आपण या माणसाचा कुत्रा मारला, वेनला वाटलं. लग्न तर गेलंच. इथे या गुन्ह्याला काय शिक्षा असते कोण जाणे!

"अजून घ्या ना थोडं," ओदेत म्हणाली आणि तिनं दुसरी मांडी उचलली.

वेननं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. काहीतरी मऊ हवं होतं, न चावता गिळता येईल असं. काल हॉटेलात त्यानं अर्धा अव्होकाडो चमच्यानं खाल्ला होता आणि त्याचं फ्रेंच नाव नीट पाठ केलं होतं: आव्होका. आता अडचण अशी, की फ्रेंचमध्ये वकिलालाही आव्होकाच म्हणतात.

"मला," वेन प्रत्येक शब्द जपून उच्चारत म्हणाला, "एक आव्होका हवा."

ओदेत मांडी घेऊन तशीच उभी राहिली. जिल्बेरनं टेबलाची कड पकडली.

"आत्ता?" त्यानं विचारलं.

"आत्ता. कृपया."

"मस्यू, आज रविवार आहे."

वेननं आठवून आठवून पुढचं वाक्य जुळवलं. "पिकलेला हवा. कच्चा नको."

"अनुभवी मागतोय," जिल्बेर बायकोच्या कानाशी म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

त्या चेहऱ्यांकडे बघून वेनला वाटलं, आपण फार मागितलं. हे फळ इथे महाग असेल. त्यानं घाईघाईनं बोटानं हवेत रेघ मारली. "अर्धा चालेल. अर्धा तुम्हाला."

"म्हणजे वकील एकच, दोघांत मिळून?" ओदेतनं विचारलं.

"त्यांची पद्धत असेल तशी," जिल्बेर म्हणाला, आणि फोन होता त्या बोळात जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

मागच्या गल्लीत वकील ब्र्यूलार राहायचे. जिल्बेरचे शिकारीचे सोबती. "जेवण सोड आणि ये," जिल्बेर फोनमध्ये पुटपुटला.

"का? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. अमेरिकन आलाय. दात पडलाय त्याचा. माझ्या छर्ऱ्यानं. तुला बोलावतोय."

"मला? नावानं?"

"पिकलेला पाहिजे म्हणाला. मग दुसरा कोण?"

पाच मिनिटांत ब्र्यूलार हजर. पायांत सपाता, गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच आणि काखेत फुगलेली चामडी बॅग. जिल्बेरनं त्यांना आत आणलं, खुर्चीमागे उभं केलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "मस्यू होल्मग्रेन, आव्होका."

वेनचा चेहरा उजळला. काय ही माणसं! एका फळासाठी शेजाऱ्याला भर जेवणातून उठवलं. उगाच बहीण काहीबाही सांगते. त्यानं बॅगेकडे बघून मान झुकवली, शेजारचा चमचा उचलला आणि तयारीत बसला.

ब्र्यूलारनी चमच्याकडे पाहिलं. मग जिल्बेरकडे. "हे काय आहे?"

"मला काय माहीत! तू बॅग उघड."

ब्र्यूलारनी बॅग उघडली आणि कोरे कागद, शिक्का आणि लाल बांधणीचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं. वेननं बॅगेत डोकावून पाहिलं. आत आणखी कागद होते. त्यानं पुस्तकावरचा तराजूचा छाप पाहिला, ब्र्यूलारनी टोपण काढलेलं पेन पाहिलं, आणि त्याच्या हातातला चमचा गळून पडला.

कुत्रा. यांना कळलंय. यांना सगळं कळलंय आणि हा माझा जबाब घ्यायला आलाय.

"मी," वेन उठून उभा राहिला. त्याचं डोकं दिव्याला लागलं आणि दिवा हेलकावे खाऊ लागला. "मी चूक. मी... कुत्रा..." 'मारला'ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते कॅसेटमध्ये नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला आणि जीभ बाहेर काढली.

जिल्बेरनं मागे उडी मारून खुर्ची पुढे घेतली. "बघ! गळा दाबीन म्हणतोय! तुझ्यासमोर म्हणतोय!"

"लिहून घेतो," ब्र्यूलार म्हणाले.

"मस्यू, घर घ्या!" जिल्बेरचा आवाज चिरकला. "शिकारीचं लायसन घ्या. पण माझ्या पोरीला नेऊ नका तिकडे. इतक्या लांब नाही. मी म्हातारा माणूस आहे हो, मला इंग्रजी येत नाही, विमानात बसवत नाही. मी तिला भेटू कसा?"

वेनला यातलं अक्षर कळलं नाही. पण समोरचा माणूस रडत होता, आणि तो कुत्र्यासाठीच रडतोय असं वाटून वेनच्याही डोळ्यांना धार लागली.

याच वेळी दार उघडून देल्फिन आणि कर्ट आले. त्यांनी काय पाहिलं? दिवा हलतोय, दोन्ही बाप टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून रडताहेत, ओदेतच्या हातात काट्याला टोचलेली मांडी आणि मधोमध सपाता घातलेला वकील.

"पापा! काय झालं?"

"त्यानं वकील मागितला," जिल्बेर म्हणाला.

"डॅड, वकील कशाला?"

"वकील कुठे? अव्होकाडो मागितला मी!" वेन इंग्रजीत ओरडला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं अमेरिकन वाक्य, खिडक्या हलवणारं. "हा माणूस त्यांनी कुत्र्यासाठी आणला!"

उलगडा व्हायला पंधरा मिनिटं लागली. कर्ट एकीकडे सांगायचा, देल्फिन दुसरीकडे, आणि दोघांच्या मध्ये ब्र्यूलार 'क्रमानं, क्रमानं' म्हणत टेबलावर पेन आपटायचे. वेननं रुमाल उघडला. अर्धा दात आणि त्याला चिकटलेला काळा छर्रा बाहेर आला. टार्टचा खोका टेबलावर टेकला तशी पातूनंही मान वर केली, ढेकर दिली आणि शेपूट हलवली. वेन मटकन खाली बसला आणि त्यानं कुत्र्याला मिठी मारली.

"दावा?" वेन म्हणाला. "सांगा त्यांना, मी आयुष्यात एकदाच कोर्टात गेलोय, शेजाऱ्याच्या गाईबद्दल. ती केसही हरलो. आणि माझी बहीण म्हणत होती, हे आधी माझे बूट बघतील."

जिल्बेरनं ते ऐकून खुर्ची खाली ठेवली. "आणि मी म्हणे याच्या बुटांकडे बघणार होतो? हा आल्यापासून मी याच्या हातांकडेच बघतोय. केवढे आहेत!"

ओदेत मात्र हसली नाही. तिनं नवऱ्याकडे एकच नजर टाकली. संध्याकाळी आठव्या छर्ऱ्यावर सविस्तर बोलणं होणार होतं. मग तिनं वेनच्या दातावर लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, बटाटे उकडून लोण्यात कुस्करले आणि वाडगा त्याच्यासमोर ठेवला. वेननं वाडगा पुसून खाल्ला. ब्र्यूलार टार्टसाठी थांबले.

"पापा," देल्फिननं टार्ट कापता कापता विषय काढला, "तू मघाशी म्हणालास ना, लांब नेऊ नका म्हणून. आम्ही नेब्रास्काला जात नाही."

जिल्बेरनं डोळे मिटले. ओदेतनं छातीवर हात ठेवला. कर्टनं बापाला इंग्रजीत सांगितलं तेव्हा वेनचा चेहरा पडला. पण तो समजूतदार माणूस होता. "बरं," तो म्हणाला. "इथे राहा. माणसं चांगली आहेत."

"इथेही नाही, डॅड. दोघांनाही नोकरी मिळालीय. लंडनला."

ब्र्यूलारनी चमचा खाली ठेवला.

"इंग्रजांत?" जिल्बेरनं विचारलं.

"काय म्हणाला तो?" वेननं विचारलं. कर्टनं सांगितलं. वेननं वाडगा बाजूला सारला. "आमच्या लोकांनी मोठ्या मुश्किलीनं पिच्छा सोडवून घेतला होता त्यांच्यापासून," तो म्हणाला.

"आमचं हजार वर्षं चाललंय," जिल्बेर म्हणाला. "ते मटण उकडतात हो. नुसतं पाण्यात."

"आणि तोंडावर काही बोलत नाहीत. नुसतं सॉरी म्हणतात. पोटात काय आहे, कळायचं कसं?"

"तेच तर!"

देल्फिन दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होती, पण एव्हाना दोघे तिच्याकडे बघतही नव्हते. जिल्बेरनं खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून वेनच्या शेजारी आणून ठेवली आणि त्याच्या पेल्यात वाइन ओतली. वेननं घोट घेतला, दातामुळे कळवळला आणि पुन्हा घेतला.

"भेटायला जाल तेव्हा," जिल्बेर आवाज खाली आणून म्हणाला, "आधी इथे उतरा. मग आपण दोघे मिळून जाऊ. एकट्यानं जायचं नाही."

कर्टनं ते बापाला सांगितलं. वेननं टेबलाखालून जिल्बेरचा हात घट्ट धरला आणि मान हलवली.