उजव्या हातातली शिंक

सेरवाच्या घराचा उंबरठा एका पावलावर असताना अंपोफो मामांना शिंक आली आणि ती त्यांनी उजव्या हातात घेतली. डाव्या हातात मागणीची भेट म्हणून आणलेली श्नॅप्स दारूची सीलबंद बाटली होती.

भाचा न्यामेक्ये याच्यासाठी मंडळी सेरवाचं 'दार वाजवायला', म्हणजे तिला रीतसर मागणी घालायला, आली होती. बोलणी करण्याचा मान मामाचा. आत शिरायचं, उजवीकडून सुरुवात करत प्रत्येक वडीलधाऱ्याशी उजवा हात मिळवायचा, मग बाटली पुढे ठेवायची. गेल्या वर्षी असाच एक मामा डावा हात पुढे करून बसला, तर या घरानं त्याला पाणीही न विचारता परत पाठवलं होतं.

अंपोफो मामांचं अंग सकाळपासून मोडून आलं होतं. "हरमॅटन वाऱ्याची धूळ आहे, दुसरं काही नाही," असं ते ज्याला-त्याला सांगत होते.

"मामा, चला की आत!" न्यामेक्ये कुजबुजला.

"या हातानं? म्हाताऱ्यांना आजारी पाडू?"

"पँटला पुसा."

"गाढवा!"

जवळपास नळ नव्हता. मामांनी बाटलीचं सील फोडलं आणि भडाभडा हातावर ओतलं.

हात मिळवणं झकास पार पडलं. मग सेरवाच्या मामांनी, अफ्रियींनी, बाटली उचलली आणि हलवून पाहिली.

"अर्धी रिकामी!" त्यांनी आधी स्वतःचा तळहात हुंगला, मग पाहुण्यांचे लालभडक डोळे पाहिले. "वाटेत फार तहान लागली का हो?"

"हात धुतला मी!"

"दारूनं?"

सेरवाचे वडील खुर्चीतून उठायला लागले. "दादा, नाक कापलंस," न्यामेक्येची आई पुटपुटली. ते नाक त्या वेळी धो धो वाहत होतं.

"इकडे ये रे," कोपऱ्यातून सेरवाच्या आजीनं हाक मारली. तिनं मामांच्या कपाळावर हात ठेवला. "दारूनं डोळे लाल होतात, कपाळ भाजत नाही. याला फ्लू झालाय. कुणाकडून घेतलास?"

"या भाच्याकडून. तीन दिवस घरभर शिंकत होता."

न्यामेक्ये शिंकला. पडद्याआड सेरवा शिंकली.

आजीनं पडद्याकडे पाहिलं, मग न्यामेक्येकडे. "आमची पोर आठवडाभर अंथरुणात आहे. अंगणातसुद्धा गेली नाही. आणि तुम्ही म्हणे हे घर आज पहिल्यांदाच बघताय, जावईबापू?"

न्यामेक्ये छताचा पंखा निरखू लागला. सेरवाचे वडील पुन्हा उठायला लागले.

"बस खाली!" आजी लेकावर खेकसली. "दार वाजवायला हे आज आलेत. ताप आधीच ये-जा करून गेलाय."

अफ्रियींना हसू आवरेना. त्या हसण्यातच मामांना पुन्हा शिंक आली. या वेळी त्यांनी ती कोपरात घेतली.

"शिकला!" आजी म्हणाली. "आता साबण-पाणी आणा, सगळ्यांनी हात धुवा. आणि लग्नाची तारीख आजच काढा, या दोघांत तिसरं कुणी शिंकायच्या आत."