राखीव पडदे

अविराज, म्हणजे मी, डाळजमध्ये राहत्या घरी नोकरी करतो, ही बाब गावाने अद्याप मान्य केलेली नाही. पुण्याच्या एका कंपनीचं तांत्रिक साहाय्याचं काम मी आमच्या मागच्या खोलीतून पाहतो. लोकांचे संगणक अडले की ते तक्रार नोंदवतात आणि मी त्यांना बंद करून परत चालू करायला सांगतो. पगार वेळेवर होतो. तरीही दोन स्थळांनी 'मुलगा घरीच असतो' या कारणास्तव नकार कळवला. त्यांना दोष देता येत नाही, कारण ते आले तेव्हा मी घरीच होतो.

तिसरं स्थळ निरवांगीच्या राजेश्वरीचं. आम्ही तिच्याकडं जाऊन पोहे खाऊन आलो होतो, मग फोनवर बोलणं सुरू झालं, आणि ती मला इतकी आवडली की मी तक्रारदारांशीही प्रेमानं बोलू लागलो. आता तिचे वडील रावजी आमचं घर बघायला येणार होते. तिनं आधीच बजावलं होतं, "आबा काय बी विचारतील. तुमी खरं तेच सांगा. खोटं बोलणाऱ्याशी मला लगीन करायचं न्हाय."

इकडे माझे चुलते भीमातात्या यांनी तातडीची बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं असं की घर बघायला येणारा माणूस ऊस बघतो, विहीर बघतो, गोठ्यात डोकावतो. नोकरी बघायची म्हटली तर आपल्याकडं दाखवायला काय आहे? एक लॅपटॉप. तो मिटला की नोकरी दिसेनाशी होते. "नोकरी उंबऱ्यातनं दिसली पायजे," तात्या म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला, मीही हात वर केला आणि बारामतीहून दोन मोठे मॉनिटर आले.

त्यांची वायर लॅपटॉपला बसेना. परत बारामतीला जाऊन जोडणारा तुकडा आणला. तो लॅपटॉपला बसला, पण वायरीला बसेना, म्हणून त्या तुकड्याला जोडायला आणखी एक तुकडा आणला. इतकी यंत्रणा उभी राहिल्यावर दोन्ही मॉनिटरांवर 'सिग्नल नाही' अशी पाटी तरंगायला लागली. कडेला आपटायची आणि परत फिरायची. आई कौतुकानं म्हणाली, काहीतरी चाललंय हे बरं.

शेवटी मी नियमानुसार कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदवली. ती संबंधित अधिकाऱ्याकडे वर्ग झाली. संबंधित अधिकारी मीच होतो. मी तक्रारदाराला मॉनिटर बंद करून परत चालू करायला सांगितलं. तक्रारदार म्हणाला, केलंय. मी म्हणालो, पुन्हा करा. मुदत संपत आली तेव्हा प्रथेप्रमाणे 'समस्या सुटली' असा शेरा मारून तक्रार बंद केली. मग सेवेबद्दल मत विचारणारा संदेश आला, त्याला मी पाच तारे दिले. अधिकारी सौजन्यानं बोलला होता.

रावजी आले. ऊस बघितला, विहिरीत वाकून बघितलं आणि खोलीच्या दारात येऊन थांबले. मध्ये लॅपटॉप चालू होता, दोन्ही बाजूंना पाट्या तरंगत होत्या. त्यांनी मानेनं दाखवून विचारलं, "हे दोन काय करत्यात?"

तात्या डोळे वटारून बघत होते आणि मला राजेश्वरीचं बोलणं आठवत होतं.

"काहीच करत नाहीत," मी म्हणालो.

रावजींचा चेहरा खुलला. "म्हंजी राखीव," ते तात्यांकडं वळून म्हणाले. "आमच्या हिरीवर बी दोन मोटारी हायत. एक चालती, एक राखीव. हितं तर एकामागं दोन राखीव. पोरगा लई खबरदार हाय."

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. मी दूरदृष्टीच्या माणसासारखा नम्रपणे हसलो.

संध्याकाळी राजेश्वरीचा फोन आला. आबा वाटेत भेटेल त्याला राखीव पडद्यांचं सांगत आले होते, तर खरं काय, असं तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, पाच ताऱ्यांसकट. स्थळ गेलं असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

"तुमी आला तवा डोक्यावर एसी होता, आठवतंय?" ती म्हणाली.

आठवत होतं. त्याच्याखाली बसूनच मी पोहे खाल्ले होते आणि गारवा फार छान आहे, असं तिच्या आबांना आवर्जून सांगितलं होतं.

"त्याला बाहेरची पेटीच न्हाय. तुमी येणार म्हणून आबांनी नुसता भितीला ठोकलाय. तुमी गार वाटतंय म्हणाला, तवाच मला कळलं, ह्यो माणूस आमच्यातलाच हाय."

लग्न ठरलं आहे, पत्रिका येईलच. वाचकांना हसू आलं असेल तर त्यांनी खुशाल हसावं. हसून झाल्यावर फक्त एवढं करावं: उठून आपल्या शोकेसमधल्या त्या सोनेरी काठाच्या कपांपैकी एक काढावा आणि त्यात स्वतःसाठी चहा ओतून दाखवावा.