आणि नाही झालं तर?

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी शेजारच्या भालेरावांच्या हातात ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "आणि नाही झालं तर?"

आमच्या सौभाग्यवतींनी जिन्यापर्यंत स्वतःला आवरलं. पुढचं मी इथे लिहू शकत नाही.

पण तिला कोण सांगणार, की या माणसाचा धंदाच तो! दिघीतल्या आमच्या सोसायटीत बसून भालेराव कर्नलचा कोड तपासतात. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. त्यातला फायली सांभाळणारा भाग यांच्याकडे. कोड दुसऱ्यांनी लिहायचा, यांनी फक्त बिघाड कल्पायचे. डिस्क भरली तर? मेमरी मिळालीच नाही तर?

"काम फसलं ना राव, की प्रोग्रॅमनं मेमरी, फायली, जे जे धरलं ते उलट्या क्रमानं सोडायचं. एक जरी धरून ठेवलं, की झाली गळती!"

घरीही तेच. एकदा आम्ही देहूला निघालो आणि गाडी फाटकातच रुसली. मी मेकॅनिकला फोन करतोय, तोवर हे वर! बूट काढले, कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, गॅस सुरू केला, फ्रिजमधलं दूध बाहेर ठेवलं. केलेली आंघोळ तेवढी उलटी फिरवता येईना, याची हळहळ चेहऱ्यावर.

बायको गेल्यापासून भालेराव एकटेच. गेल्या भाऊबीजेला परभणीहून त्यांची आक्का यायची होती. सकाळी सगळ्यात आधी त्यांनी ओवाळून घ्यायला पाट मांडला, भोवती स्वतःच वाकडी रांगोळी काढली. मग नवे पडदे, नवी चादर आणि तिच्यासाठी आणलेली साडी टेबलावर.

मी फराळाचं ताट घेऊन गेलो, तेव्हा फोन स्पीकरवर होता.

"गुडघा लई दुखायलाय रे बाळू. औंदा काही जमंना मला."

"बरं आक्का. जप."

फोन ठेवून ते उठले. साडी कपाटात गेली. चादर निघाली, घडी झाली. पडदे उतरले. मग ते पाटाजवळ आले, वाकले, आणि तसेच शेजारी फरशीवर बसले.

मला मेल्याला चेष्टा सुचली. "साहेब, पाट राहिला की! गळती!"

"राहू द्या राव."

मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "आणि आलीच तर?"