झाकणांचा शास्त्रशुद्ध अभ्यास

घरातलं भांडण मिटवायला समजूतदारपणा लागतो म्हणे. साफ चूक! लागतं मानववंशशास्त्र. मी ते कॉलेजात वीस वर्षं शिकवतोय, उगाच नाही!

आमच्याकडे वाद होता झाकणांचा. आई म्हणायची, झाकण भांड्यावरच हवं. बायको म्हणायची, झाकणं वेगळ्या खणात. तीन आठवडे दोघींचा अबोला! शेवटी बायकोनं माळ्यावरची बॅग काढली.

"रविवारपर्यंत काय तो निकाल लाव, नाहीतर मी चालले माहेरी!"

ती गेली तर घर खायला उठेल मला! पण शास्त्र पाठीशी होतं. वही घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो. पहिला नियम: संशोधकानं मध्ये पडायचं नाही, नुसतं बघायचं.

"दूध बघ रे!" बायको कपडे वाळत घालता घालता ओरडली.

"बघतोय!"

आणि खरंच बघत होतो. दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून जमिनीवर आलं. मी वेळ लिहून घेतली.

दुसरा नियम: माहिती देणाऱ्याशी नातं विसरून, अदबीनं बोलायचं. आई दूध पुसायला आली, तसा मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"बाई, तुमच्यात झाकणं कुठे ठेवायची पद्धत आहे?"

"तुमच्यात?" आईच्या हातातलं फडकं गळालं. "पोटच्या पोरानं मला तुम्ही म्हणावं?"

"रागावू नका. वय काय लिहू आपलं?"

झालं! आई रडायलाच लागली. बायको धावत आली.

"काय झालं, आई?"

"हा मला बाई म्हणतो गं! वय विचारतो!"

"आईंना? लाज नाही वाटत?"

"आपण जरा बाहेर थांबता का? आपली मुलाखत नंतर आहे."

"आपण?" बायको किंचाळली. "लग्नाला बारा वर्षं झाली आणि आता मी आपण?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग बायकोचा पाय दुधात पडला. त्यापुढे दोघी मिळून मला जे बोलल्या, ते वहीत मावलं नाही.

रविवारी बॅग भरली गेली, ती माझी. आईनं कपड्यांच्या घड्या घातल्या, बायकोनं चेन लावली.

"झाकणांचं काय ठरलं?" मी विचारलं.

"तू आधी नीघ!" दोघी एका सुरात!

सध्या मी बायकोच्या माहेरी आहे. जावयानं घरातलं भांडण मिटवलं, असं सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या.

"मग हे इथे कसे?" शेजारणीनं विचारलं.

"फील्डवर्क!" मी छाती काढून म्हणालो.

तुम्हाला म्हणून सांगतो, आज चौथा दिवस. बायकोचा फोन नाही, आईचा नाही, आणि मला अजिबात करमत नाहीये हो!