विसण

आमच्या कन्हेरीत भर वैशाखातही पहाटे बंब पेटवणारा एकच माणूस आहे: माझे शेजारी तात्या. त्या कढत पाण्यात ते विसणाचा, म्हणजे गार पाण्याचा, थेंबही पडू देत नाहीत. "इसण घातलं की पान्याची जात जाती," असे बजावून ते न्हाणीत शिरतात आणि भाजलेल्या वांग्यासारखे होऊन बाहेर येतात.

विसण हा त्यांच्या तोंडी आता शिवीचाच शब्द झाला आहे. गुळमुळीत बोलणारा पुढारी असो, दुधाळ चहा असो की समजूत घालायला आलेला जावई, शेरा एकच: "इसण लई झालं." माझे बोलणे मुळातच मऊ, त्यामुळे तो माझ्या वाट्याला रोज येतो. मी मनाशी पुष्कळदा तपासून पाहिले आहे. शेरा बहुधा खरा असतो.

तात्यांच्या पत्नी, आमच्या काकी, होत्या तोवर त्यांच्या बादलीत विसण त्याच घालत. त्या गेल्या आणि तात्यांनी ते सोडले. तेव्हापासून दर हिवाळ्यात ते एकटेच कोकणात, गरम पाण्याच्या कुंडांच्या गावी, जाऊन येतात. यंदा मात्र मुलाने, विलासने, त्यांना अडवले. मला म्हणाला, "काका, तुमी बरोबर जावा आन् खरं काय ते सांगा. त्यांना झेपत नसंल, तर ही शेवटची फेरी."

तात्यांनीही अट घातली. "या की, मास्तर. पर मी एकटा चाललोय. तुमीबी एकटंच या."

असे आम्ही दोघे एकेकटे निघालो. बारामतीच्या स्टँडवर तात्यांनी खिडकी धरली, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली आणि मला मागचे बाक दाखवले. भोरला चहासाठी उतरलो, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "पावनं, कुठलं म्हनायचं?"

"कन्हेरी."

"चांगलं गाव हाय," ते म्हणाले आणि स्वतःपुरता चहा घेऊन दूर जाऊन उभे राहिले.

कुंडाच्या गावात हवेला गंधकाचा वास आणि रस्त्याला लॉजांची रांग होती. तात्या थेट कुंडावरच्या रखवालदारापुढे उभे राहिले. "इसण तर घालत न्हाय ना तुमी ह्यात?"

"आजोबा, देवाचं पाणी आहे. त्यात विसण कोण घालणार?"

"ऐकलं का, मास्तर?" तात्या उत्साहाने वळले, मग आपण एकटे आल्याचे आठवून त्यांनी तोंड फिरवले.

पंचा नेसून त्यांनी ऐटीत पाय पाण्यात टाकला आणि तितक्याच वेगाने वर घेतला. "आई गं!" पुढे बराच वेळ ते पायरीवर, घोट्यापर्यंत पाय बुडवून, डोळ्यांतले पाणी पुसत बसले. त्यापलीकडे देवाच्या पाण्याने त्यांना येऊ दिले नाही. विलासला काय सांगायचे, ते मी मनात ठरवून टाकले.

बायकांचे कुंड भिंतीपलीकडे होते. तिकडून एका बाईची हाक आली, "अवो, सोसतंय का पानी?" तिचा नवरा केव्हाच अंग पुसून चहाला गेला होता. पुन्हा हाक आली, या वेळी काळजीची. "अवो! सोसतंय का?"

तात्या ताठ झाले.

"सोसतंय!" त्यांनी भिंतीकडे पाहून मोठ्याने सांगितले. पलीकडची बाई निर्धास्त झाली असावी. हाक पुन्हा आली नाही. तात्या मात्र भिंतीकडेच पाहत राहिले.

"आमची मंडळी," ते म्हणाले, "इसण घालून झालं की न्हानीच्या दाराभायेरनं रोज हेच इचारायची. हितं कोन ना कोन इचारतंच."

परतीच्या गाडीत मी माझ्या मागच्या बाकावर बसलो. विलासचा फोन आला. "काका, खरं सांगा. झेपलं का त्यांना?"

"मनसोक्त आंघोळ केली," मी म्हणालो. "पुढल्या वर्षीही खुशाल जाऊ दे. सोसतंय त्यांना."

फोन ठेवला. पुढच्या बाकावरून, मागे न वळता, आवाज आला.

"मास्तर, इसण लई झालं."

मग त्यांनी शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.