नानांची जांभळी जीभ

आमच्या शेजारच्या नानांची जीभ जांभळी होती. जन्मापासून नव्हे. तीस वर्षं ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते, त्यातली बरीचशी पाचोऱ्याला. पार्सलांवर लिहायला तेव्हा ती जांभळी पेन्सिल असायची, जी ओली केल्याशिवाय नीट उमटत नाही. इतर कारकून टेबलावर ओला स्पंज ठेवत. नाना जीभ वापरत. निवृत्त होऊन त्यांनी जळगावात मेहरूणला घर बांधलं, पण पेन्सिल काही सुटली नाही. शेजारी भाडेकरू म्हणून मी राहायला गेलो तो महिना डिसेंबरचा होता, आणि भर थंडीत या गृहस्थांना जांभळं मिळतात कुठून, हेच मला बरेच दिवस कळेना.

जिथं जागा दिसेल तिथं नाना लिहीत. लोणच्याच्या बरणीवर 'उलटे धरू नये'. गव्हाच्या कोठीवर 'ओलाव्यापासून जपावे'. एकदा परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा मी तासाभरासाठी त्यांच्या घरी ठेवला, तर परत घेताना त्यावर लिहिलेलं होतं, 'वजन तपासले. मोडतोड नाही.' पेपर तपासल्यावर दुसऱ्या वाक्याशी मी सहमत होऊ शकलो नाही.

बोलणंही सगळं पार्सल ऑफिसातलं. पाहुणे गेले की 'माल रवाना'. जावई न कळवता आला की 'बिनपावतीचा डाग', म्हणजे नग. शांत असले की नाना आपल्यासारखं मराठी बोलत, भडकले की थेट अहिराणीवर येत. ते वरचेवर भडकत असल्यामुळे माझी अहिराणी लवकर सुधारली.

त्यांचा एकुलता एक मुलगा रवी फौजेत होता. तो भरती होऊन निघाला तेव्हाची गोष्ट अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, सांगत. काळ्या पेटीवर नानांनी पोराचं नाव, गाव, सगळं जाड अक्षरात काढलं. अक्का म्हणाल्या, "नाजूक माल बी लिखा ना." नाना उखडले. "फौजी मानूसनी पेटीवर नाजूक लिखतस का? लोके हसतीन!"

पुढे आपलं सैन्य श्रीलंकेत गेलं आणि त्यात रवीची पलटणही गेली. शांतता राखायला म्हणून गेलेले लोक दोन-तीन महिन्यांत लढायलाच लागले. मग वर्ष गेलं, दुसरं लागलं, आणि त्यांनी तिथं राहावं की परत यावं, हा प्रश्न दिल्लीइतकाच आमच्या दिलीपभाऊंच्या सलूनमध्येही पेटला.

दर रविवारी सकाळी तिथं सभा भरायची. राहावं, या पक्षाचे पुढारी नाना. यावं, या पक्षाचे पुढारी कापडवाले शांतिलालशेठ. शेठजी मूळचे मारवाडातले, पण त्यांच्या तीन पिढ्या खानदेशात वाढल्या होत्या. ते शांतपणे म्हणत, "नाना, भांडण दोघांचं. आपण सोडवायला गेलो आणि दोघंही आपल्यालाच मारतायत. आपलं तिथं काय अडलंय?"

"मधी पडलो ना?" गालाला साबण लावलेले नाना खुर्चीतून गर्जत. "पडलो तर आता उठून पळायचं? पावती फाटनी, माल गया! मुक्कामले पोचाशिवाय परत नही!" दिलीपभाऊ वस्तरा हवेत धरून थांबत. या विषयावर नानांची दाढी करणं जोखमीचं होतं.

एकदा शेठजी न राहवून म्हणाले, "तुमचा रवी तिथं आहे. निदान तुम्ही तरी म्हणा, परत आणा."

नाना म्हणाले, "मना पोऱ्या तठे शे म्हनीसन मी सांगू का? बाकी बापांचे पोरे काय वाटेवर पडेल शेतस?"

मला तेव्हा ते उत्तर फार कडक वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. घरी ती माउली पत्राची वाट पाहत बसायची आणि हे सलूनमध्ये बसून युद्ध लांबवत होते. पत्र आलं की नाना आधी शिक्का बघत आणि "अकरा दिवस लागले" असा शेरा पाकिटावर मारत. मजकूर अक्कांनी मोठ्याने वाचायचा. हे तोवर अंगणात झाडांना पाणी घालत. झाडं अर्थात खिडकीखालचीच.

श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई, म्हणजे इकडची देवी, बसते. तिचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळायचे, आणि त्याचा नैवेद्य घरच्याच माणसांनी संपवायचा. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. नानांच्या घरी पुरुष दोन, त्यातला एक समुद्रापार. पण नाना रवीच्याही नावाने सव्वा मूठ काढत, आणि मूठही स्वतःच्या मापाची नव्हे. "त्याचा हात माझ्यापेक्षा मोठा शे," म्हणून वर आणखी चिमूटभर टाकत. मग त्याच्या वाट्याच्या पुरणपोळ्या संपवायच्या कुणी? अक्कांना गोड चालत नसे. उरले नाना. एका श्रावणात मी गेलो तर ते ओट्यावर पोट धरून बसलेले. "काय झालं नाना?" "काही नाही सर. रवी जेवतोय."

तिसऱ्या श्रावणाच्या सुमारास तर त्या देशाचे लोकच म्हणू लागले, आता निघा. शेठजींना जोर चढला. "यजमानच पाहुण्याला निघा म्हणतोय, आता तरी उठाल का?" नानाही इरेला पेटले. आवाज इतका वाढला की गिऱ्हाईक बिनकटिंगचं परत जायला लागलं. शेवटी दिलीपभाऊंनी हात जोडले. "मत घ्या अन् मिटवा एकदाचं."

कानबाई बसायच्या आदल्या रविवारी मतदान झालं. पावडरीचा रिकामा डबा हीच पेटी. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे तुकडे, दोऱ्याला बांधलेलं एक बॉलपेन. 'राहावं' किंवा 'यावं', एवढंच लिहायचं. मी शिक्षक, म्हणून मोजणी माझ्याकडे. अकरा जणांनी मतं दिली. नाना सगळ्यात शेवटी उठले, आमच्याकडे पाठ करून भिंतीशी उभे राहिले आणि बराच वेळ लिहीत होते.

मी एकेक चिठ्ठी उघडून वाचत गेलो. राहावं, यावं, यावं, राहावं. दहा झाल्या तेव्हा पाच-पाच. नाना खुर्चीच्या काठावर. "काढा सर! बठ्ठा निकाल यामाच शे!"

अकरावी चिठ्ठी मी उघडली. अक्षर जांभळं होतं. दोऱ्याचं बॉलपेन समोर लटकत असताना माणसाने तीस वर्षांच्या सवयीने खिशात हात घातला होता.

'यावं,' लिहिलं होतं. आणि खाली, बारीक, 'नाजूक माल.'

मी "यावं" एवढंच म्हणालो आणि चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

"भेकड!" नाना ताडकन उठले. "बठ्ठा भेकड शेतस! कोन शे तो अकरावा? समोर ये म्हनावं!" शेठजी हसत होते. मी खाली बघत होतो. दोन वर्षं या माणसावर मनात धरलेल्या रागाची मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

घरी परतताना नाना माझ्याशेजारून चालत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. "सर, चिठ्ठ्या फाडल्यात ना?"

"फाडल्या."

"बठ्ठ्या?"

"सगळ्या."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं. जावा आता." पुढच्या रविवारी कानबाई बसली आणि नाना दोघांचं जेवण एकटेच जेवले.

सैन्य परत आलं ते पुढच्या वर्षी, उन्हाळा लागता लागता. रवी सुट्टीवर आला. स्टेशनवर अक्का, मी आणि नाना. गाडी दिसेपर्यंत मनाने आम्ही सगळे लंकेतच होतो. नाना मात्र फलाटावर मला समजावत होते, की सरकारने घाई केली, अर्ध्यात माल फिरवणं चुकीचं, कुठल्याही नियमात बसत नाही. तेवढ्यात गाडी लागली. रवी काळी पेटी घेऊन उतरला, वाळलेला, रापलेला. अक्कांनी त्याला मिठी मारली.

नाना पुढे झाले. पार्सल ताब्यात घेताना बघतात तसं त्यांनी पोराला फिरवून बघितलं. दोन्ही हात चाचपले. दहा बोटं मोजली. कानामागे हात फिरवला. मग खिशातून पेन्सिल काढली, जिभेला लावली, आणि कशावर लिहावं म्हणून इकडेतिकडे बघत तसेच उभे राहिले.